हिवराचं रोप

मला साखर निघाली तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, रोज तासभर चाला." आमच्या गावात चालायचं म्हणजे एक तर हमरस्त्यावर, आणि तिथे सुप्याच्या कंपन्यांकडे जाणारे टेम्पो म्हातारा माणूस दिसला की मुद्दाम अंगावर आल्यासारखे येतात. नाहीतर डोंगरावर. मी डोंगर धरला. डोंगर आपलाच आहे असं मला तेव्हा वाटायचं.

ते वाटणं अगदीच हवेतलं नव्हतं. पंचवीसएक वर्षांपूर्वी हा डोंगर थोडी जुनी काटेरी झाडं सोडली तर बोडका होता आणि गावात प्यायला टँकर यायचा. मी शाळेत मास्तर आणि पाणलोट समितीचा सचिव. आम्ही चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. बंदीची सूचना देवळाच्या भिंतीवर गेरूनं लिहिली ती माझ्या हातानं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मास्तर कसला? मुलांसाठी शपथही तयार केली. रोज परिपाठाला प्रतिज्ञा झाली की ही व्हायची: "मी डोंगरावर कुऱ्हाड नेणार नाही. मी डोंगरावर जनावर सोडणार नाही. डोंगर माझा आहे, मी डोंगराचा आहे." निवृत्त होईपर्यंत मी ती म्हणून घेतली. डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आलं, गावानं माझा सत्कार केला. त्यातलं काही खोटं नाही.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती मी सत्काराच्या भाषणात सांगितली नव्हती. बंदीच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्याच गावच्या वस्तीवरचा एक मेंढपाळ कळप घेऊन वर गेला. शंभरावर मेंढरं. मी चार पोरं घेऊन गेलो आणि सगळा कळप हाकून कोंडवाड्यात घातला. मेंढरांना पाणी कोणी पाजायचं, समितीनं की ग्रामपंचायतीनं, यावर दोन दिवस वाद चालला, आणि तो मिटेपर्यंत तीन कोकरं मेली. मला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम, असं मी चारचौघांत म्हणालो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तर मी चालायला लागलो तो वैशाख होता. राळेगण बघून परत निघालेल्या बसगाड्या कधीकधी आमच्याकडेही थांबतात. तशा एका बसमधल्या बाई डोंगराच्या वाटेवर भेटल्या. सरपंचानं माझी ओळख करून दिली, हे जंगल यांनी राखलं म्हणून. बाईंनी शेजारच्या झाडाकडे बोट केलं. "सर, हे कोणतं झाड?" काटे होते, पान बारीक होतं. मी ठोकून दिलं, "बाभूळ."

खालून कोणीतरी हसलं. चराच्या पलीकडे, बंदीच्या हद्दीबाहेर, तोच मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. आता म्हातारा झालेला. शंभराची आता अकरा मेंढरं उरलेली.

"बाभळ न्हाई गुरुजी," तो म्हणाला. "हिवर हाय त्यो. बाभळीची साल काळी आसती. ह्याची बगा की, पांढरी फेक."

बाई हसल्या, सरपंच हसला, मीही हसलो. पण डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! घरी येऊन मी भाजीला मीठ नाही म्हणून आरडाओरडा केला. बायकोनं सगळं काढून घेतलं माझ्याकडून आणि म्हणाली, "अहो, मग चुकलं ते चुकलंच की. पंचवीस वर्षं डोंगर राखलात आणि झाड ओळखता येईना. त्यात भाजीचा काय गुन्हा?"

ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी चराशी गेलो आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, कोणाला तरी म्हणालो, "बाबा, मला झाडं शिकवाल का?"

म्हाताऱ्यानं खालच्या मेंढरांकडे बघितलं. मग म्हणाला, "मेंढरं वर आनत न्हाई. मी येकला आलो तर चालंल न्हवं?"

"हे काय विचारणं झालं," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! मेंढरं खाली पडीक रानात सुनेच्या नजरेखाली ठेवून तो चर ओलांडून वर आला. पंचवीस वर्षांत तो वर आलाच नव्हता, हे त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

रोज सकाळी तासभर. मी वही नेली तर म्हणाला, "ती ठेवा खिशात. आदी हात लावा." साल हातानं ओळखायची, डोळे मिटून. सालईची साल कागदासारखी सुटते आणि बोटाला डिंकाचा वास राहतो. हिंगणबेटाचा काटासुद्धा हिरवा. मेडशिंगीची शेंग मेंढराच्या शिंगासारखी वाकलेली. ती दाखवताना तो लहान पोरासारखा खुश झाला. "बगा, आमच्याच जातीचं झाड!" आणि प्रत्येक झाडाबरोबर मेंढराचं काहीतरी यायचंच. हिचा पाला आधी शेळी खाते, मेंढरू नंतर. ह्याच्या शेंगा उन्हाळ्यात पडल्या की कळप हलत नाही, काठी मारली तरी. मला जशी पानावरून झाडं कळायला हवी होती तशी त्याला तोंडावरून कळत होती, खाणाऱ्या तोंडावरून.

मी चुकायचो फार. धावडा आणि खैर यांच्यात मी एकदा नाही, चारदा गोंधळलो. "गुरुजी," तो म्हणायचा, "तुमी पोरगं आसता आन मी मास्तर आसतो, तर तुमी वर्गाबाहेर आंगठं धरून हुबं आसता." मी हसायचो. खरं सांगतो, मला त्या महिन्याभरात जेवढं हलकं वाटलं तेवढं निवृत्तीनंतर कधी वाटलं नव्हतं. कोंडवाड्याचा विषय त्यानं काढला नाही. मी काढायला हवा होता. रोज घरून निघताना आज काढू म्हणायचो, आणि वर पोचलो की एखादं झाड आडवं यायचं.

मास्तराची खोड असते, एक धडा झाला की पुढचा हवा. मोठी झाडं ओळखू यायला लागल्यावर मी म्हणालो, "आता रोपं दाखवा. हिवराचं रोप कसं दिसतं?" तोवर पाऊस चार-सहा वेळा पडून गेला होता आणि डोंगरावर जिकडंतिकडं काहीबाही उगवत होतं.

त्यानं काठी उचलून सगळ्या उतारावरून फिरवली. मग म्हणाला, "हुडका."

"म्हणजे?"

"हुडका की. डोंगर तुमचा हाय."

आठ दिवस मी वाकून वाकून डोंगर पालथा घातला. आम्ही लावलेल्या गिरिपुष्पाची रोपं सापडली, सुबाभळीची तर पायलीभर, घाणेरी जिथं तिथं. गवत मांडीएवढं. हिवराची मोठी झाडं होती, त्यांच्या बुंध्याशी जुन्या शेंगांचा खच होता, आणि त्या खचात एक रोप नव्हतं. सगळ्या डोंगरात मिळून दोन सापडली, तीही चराच्या काठाला. मी म्हाताऱ्याला जाऊन म्हणालो, "काहीतरी रोग पडला असेल."

"चला," तो म्हणाला.

त्यानं मला खाली आणलं, चर ओलांडून, एका पडीक तुकड्यात. उन्हाळ्यात बांधावरच्या शेंगा खाऊन त्याची मेंढरं तिथे बसायला होती. लेंड्यांचा थर पावसानं भिजून काळा झाला होता आणि त्यातून बोटभर उंचीची, बारीक पानांची रोपं वर आली होती. मी वाकून चाळीसपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. सगळी हिवर आणि बाभूळ. नांगरट झाली की ती जाणार होती.

"बी लई टनक आसतंय," म्हातारा म्हणाला. "आसंच पडलं तर आत किडा शिरतो, न्हाई तर तसंच पडून ऱ्हातं. मेंढरानं शेंग खाल्ली, बी पोटातनं आलं, मग फुटतं. वर मेंढरू न्हाई. मग रोप कुठनं येनार?"

मी त्याच्यावरच उखडलो. म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तोंड शिवलं होतं का?"

"इचारलं कोनी?" तो म्हणाला. रागानं नाही. विचारल्याचं उत्तर द्यावं तसं.

मी दोन दिवस वर गेलो नाही. मला हे पटवून घ्यायचं नव्हतं. वर उभी असलेली हिवरं म्हातारी होती, हे आता मला दिसायला लागलं होतं. ती पडली की मागे काही नव्हतं. आपण डोंगर राखला, राखला म्हणतो, आणि त्याची वंशवेल आपणच तोडली, ही गोष्ट सदुसष्टाव्या वर्षी कोण मान्य करेल? तरी शंका छळायची म्हणून मी प्रयोग केला. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरली, एका रांगेत झाडाखालच्या शेंगांचं बी लावलं, दुसऱ्या रांगेत लेंड्यांतून निवडलेलं. लेंड्या डब्यातून आणल्या. बायकोनं तो डबा ओट्यावर उघडला आणि पुढचा अर्धा तास माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो डबा आता गोठ्यात आहे.

पहिल्या रांगेत एक उगवलं. दुसरी रांग हिरवी झाली.

मी पिशवी हातात घेऊन म्हाताऱ्याच्या वस्तीवर गेलो. त्यानं रोप बघितलं, बोटानं माती दाबली. मग मीच म्हणालो, "बाबा, तुमचं खरं होतं." तेव्हा त्यानं त्याच्या मनातलं सांगितलं. मुलगा कंपनीत लागला होता. मेंढरं विका म्हणून वर्षभर मागे लागला होता, आता कोण राखणार, कोणाला वेळ आहे. यंदा विकतोच म्हणत होता.

"त्याचं बी बरूबर हाय," म्हातारा म्हणाला. "पर गुरुजी, येक उन्हाळा वर जाऊ द्या की. शेंगा पडतात तेवडा येक म्हैना. आकराच तर हायती. हाताखाली ठिवतो, गवताला तोंड लावू देत न्हाई. येकदा डोंगर फिरवून आनतो, मंग इकून टाकतो. पोराला तसं सांगून ठिवलंय."

त्याचा आवाज बदलला होता. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी स्वतः मांडतो. माझा शब्द कोण खाली पडू देईल? सगळी माझ्याच हाताखालची पोरं आहेत." त्यावर त्यानं सुनेला हाक मारून पुन्हा चहा टाकायला लावला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या मोठ्या वर्गात सभा बसली. म्हातारा आला होता. डोक्याला धुतलेला पटका बांधून, दाराशी, चपलांच्या शेजारी बसला होता. आत या म्हटलं तर "हितंच बरं हाय" म्हणाला.

मी उभा राहिलो. शेंगा, बी, लेंड्या, रोपं, सगळं नीट सांगितलं. मला शिकवता येतं, त्यात मी कमी पडलो नाही. शेवटी म्हणालो, उन्हाळ्यात एक महिना, मोजकी मेंढरं, एका माणसाच्या राखणीत वर सोडून बघू.

मग मागून एकजण म्हणाला, "गुरुजी, आन शपथेचं काय करायचं?" हा पोरगा चौथीत माझ्याकडे होता, आता सोसायटीचा संचालक आहे. तो हात पुढे करून उभा राहिला आणि म्हणायला लागला. मी डोंगरावर कुऱ्हाड नेणार नाही. दुसऱ्यानं सूर धरला. मी डोंगरावर जनावर सोडणार नाही. बघता बघता सगळा वर्ग म्हणायला लागला, बायकासुद्धा, ठेक्यात, मी शिकवल्या ठेक्यात. चेष्टाच होती, पण वाईट नव्हती. त्यांना वाटलं असेल म्हाताऱ्या मास्तराला बरं वाटेल. शेवटी टाळ्या झाल्या. मी खुर्चीचा हात धरून उभा होतो.

सरपंच भला पोरगा आहे. टाळ्या थांबवून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही उगाच बोलणार नाही. पण हे मेंढराच्या पोटाचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी दाराकडे बघितलं. म्हातारा सरळ बसला होता. त्यानं एक हात जमिनीला टेकवला होता, उठायच्या तयारीत. मी नुसतं त्याच्याकडे बोट केलं असतं तर तो उठून दोन शब्द बोलला असता. पटलं असतं की नसतं, देव जाणे.

मनात मी एक सबब तयार केली होती. त्याचं नाव घेतलं तर लोक म्हणतील, मेंढरंवालाच सांगणार मेंढरं सोडा म्हणून. ही सबब मी नंतर बायकोलाही सांगितली. पण ती सबबच होती. खरं असं की मला लाज वाटली. ज्याची मेंढरं मी कोंडली त्याच्याकडून मी शिकतो, हे माझ्या विद्यार्थ्यांपुढे, माझ्याच वर्गात, माझ्या तोंडून निघेना.

"वाचलं एका पुस्तकात," मी म्हणालो.

"कोणत्या?"

"नाव आत्ता ध्यानात नाही."

"मग पुढच्या सभेला घेऊन या की, बघू," सरपंच म्हणाला आणि नळाच्या पाइपलाइनचा विषय निघाला. मी बसलो. पुन्हा दाराकडे बघायला मला धीर झाला तेव्हा तिथे फक्त चपला होत्या.

आठवड्याच्या आत मेंढरं विकली गेली. मला ते पिठाच्या गिरणीत कळलं. मी वस्तीवर जायला हवं होतं आणि गेलो नाही. सकाळी एकटाच डोंगर चढायचो. दुधाच्या पिशव्यांतली रोपं वर नेऊन लावली, तेव्हा कोणीतरी माझा फोटो काढला. तो गावाच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, गुरुजींचं नवं संशोधन, लेंडीतून जंगल. अंगठे, हात जोडलेले, फुलं. म्हाताऱ्याची सूनही त्या ग्रुपवर आहे. मी लिहायला घेतलं, की हे माझं संशोधन नाही. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. मग इतके मेसेज येऊन गेले की ते वर कुठेतरी गेलं.

दिवाळी झाल्यावर ओढ्याच्या अंगाला एक झाड दिसलं. रोजच्या वाटेवरचं नव्हतं. साल राखाडी, पान समोरासमोर, मऊ. मी शिकलेल्या कशाशीच ते जुळेना. मला निमित्त सापडलं. एक डहाळी तोडून मी वस्तीवर गेलो.

म्हातारा अंगणात बाजेवर बसला होता. पलीकडे वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळून भिंतीला लावली होती. "या गुरुजी, बसा," तो म्हणाला, आणि सुनेला चहा सांगितला. काही कडवट बोलला असता तर मी पाय धरले असते. तो पावसाचं बोलला, कांद्याच्या रोपाचं बोलला. मी मध्येच म्हणालो, "बाबा, त्या दिवशी सभेत माझं चुकलं."

"कशाचं वो?" तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."

मग मी डहाळी पुढे केली. त्यानं ती घेतली. पान उलटं केलं, देठ मोडला, नाकाशी नेला. अंगठा शिरेवरून सावकाश फिरवला आणि एका जागी थांबला. त्याच्या डोळ्यांत ओळख आली. मी रोज ती बघत आलो होतो महिनाभर, माझी चूक होणं शक्य नव्हतं.

"न्हाई बा," तो म्हणाला आणि डहाळी माझ्या हातात परत ठेवली. "ठाव न्हाई."

सून चहा घेऊन दारात उभी होती. "मामंजी, तुमाला ठाव न्हाई?" तिनं हसून विचारलं.

"म्हातारा झालो," तो म्हणाला. "च्या द्या गुरुजींना."

मी चहा प्यालो, राम राम केला आणि निघालो. ते झाड ओढ्याच्या कडेला आहे. मी त्याच्याखालून रोज जातो. त्याचं नाव मी अजून दुसऱ्या कोणाला विचारलेलं नाही.